डेटा टेबल (स्प्रेडशीटमधील जर-तर कोष्टक)

डेटा टेबल : स्प्रेडशीटवर मांडलेल्या एखाद्या हिशेबातील एक किंवा दोन गृहीत मूल्ये क्रमाने बदलत गेल्यास अंतिम उत्तरात कोणते फरक पडतात, ते एकत्र दाखविणारे कोष्टक. ‘व्याजाचा दर अर्ध्या टक्क्याने वाढला तर मासिक हप्ता किती होईल?’, ‘विक्री दहा टक्क्यांनी घटली आणि कच्च्या मालाची किंमत पाच टक्क्यांनी वाढली तर नफा उरेल काय?’ अशा प्रकारच्या प्रश्नांचा पद्धतशीर विचार करणे, यास ‘जर-तर विश्लेषण’ म्हणतात. डेटा टेबल हे या विश्लेषणाचे एक प्रमुख साधन होय. नावात ‘डेटा’ हा शब्द असला, तरी या कोष्टकात निरीक्षणाने गोळा केलेली माहिती नसते. गृहीत मूल्यांवरून सूत्राने काढलेली उत्तरे असतात. नावे, तारखा, रकमा इत्यादींच्या याद्यांनाही स्प्रेडशीटमध्ये ‘टेबल’ म्हणतात. त्यांच्याशी या साधनाचा संबंध नाही.

पूर्वपीठिका : एकाच सूत्राची अनेक उत्तरे आधीच काढून ठेवून ती कोष्टकरूपाने वापरण्याची पद्धत संगणकाहून फार जुनी आहे. फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिन यांनी १५८२ मध्ये व्याजाची कोष्टके छापून प्रसिद्ध केली. पुढे चक्रवाढ व्याज, वार्षिकी, विमा हप्ते इत्यादींची कोष्टके व्यापारी आणि बँका यांच्या नित्य वापरात आली. मात्र ही कोष्टके ठराविक सूत्रांपुरतीच मर्यादित होती. एखाद्या विशिष्ट व्यवसायाचा किंवा कुटुंबाचा हिशेब निरनिराळ्या गृहीतांनुसार पाहावयाचा असल्यास तो प्रत्येक वेळी नव्याने करावा लागे. यात वेळ फार जाई. त्यामुळे बहुधा एकच अंदाज मांडून त्यावर निर्णय घेतला जाई.

लेखापालांच्या वहीतील समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या आडव्या-उभ्या रकान्यांच्या मांडणीस इंग्रजीत स्प्रेडशीट म्हणत. या मांडणीचा उपयोग करून व्यवसायाच्या अंदाजपत्रकाचे गणितीय प्रतिमान संगणकावर चालविण्याची कल्पना रिचर्ड माटेसिच यांनी १९६१ मध्ये मांडली. तिला व्यवहारोपयोगी स्वरूप आले ते १९७९ मध्ये विक्रीस आलेल्या ‘व्हिझिकॅल्क’ या आज्ञावलीमुळे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ती ‘ॲपल-२’ या लहान संगणकासाठी तयार केली होती. ब्रिकलिन हे हार्व्हर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना, फळ्यावर मांडलेल्या हिशेबातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात, या अडचणीतून त्यांना ही कल्पना सुचली. म्हणजे जर-तर प्रश्नांची सोय हाच संगणकीय स्प्रेडशीटच्या निर्मितीमागील मूळ हेतू होता.

व्हिझिकॅल्कमध्ये आकडा बदलताच उत्तर बदले. परंतु आधीचे उत्तर पुसले जाई. दहा पर्यायांची तुलना करावयाची तर दहा वेळा आकडा बदलून प्रत्येक उत्तर वेगळे टिपून ठेवणे भाग होते. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या ‘लोटस १-२-३’ या आज्ञावलीत एक वा दोन गृहीते बदलून सर्व उत्तरे एका कोष्टकात भरणारी आज्ञा ‘डेटा टेबल’ या नावाने उपलब्ध होती. ‘मायक्रोसॉफ्ट एक्सेल’ (मॅकिंटॉश संगणकासाठी १९८५, विंडोजसाठी १९८७) या आज्ञावलीतही हे साधन त्याच नावाने रूढ झाले. ‘लिब्रेऑफिस कॅल्क’ या मुक्त आज्ञावलीत हेच कार्य ‘मल्टिपल ऑपरेशन्स’ या आज्ञेने होते.

मूलतत्त्व : स्प्रेडशीटमधील प्रत्येक घरात एक तर मूल्य असते किंवा सूत्र असते. ज्या घरात गृहीत मूल्य लिहिलेले असते त्यास आदान घर (इनपुट सेल) म्हणतात. त्यावर अवलंबून असलेली सूत्रे टप्प्याटप्प्याने पुढे जाऊन शेवटी अंतिम उत्तराच्या घरात येऊन मिळतात. डेटा टेबलची आज्ञा देताच संगणक कोष्टकाच्या कडेला लिहिलेले पहिले मूल्य आदान घरात असल्याचे मानून सर्व हिशेब करतो व आलेले उत्तर कोष्टकातील संबंधित घरात नोंदवितो; नंतर दुसरे मूल्य घेतो आणि अशा रीतीने सर्व मूल्ये संपेपर्यंत हीच क्रिया करतो. आदान घरातील मूळ मूल्य मात्र जसेच्या तसे राहते. मधल्या पायऱ्या कितीही असल्या, तरी कोष्टकासाठी सूत्र पुन्हा लिहावे लागत नाही, हा या साधनाचा विशेष होय.

एकचल कोष्टक : यात एकच गृहीत मूल्य बदलते, परंतु त्याचे अनेक परिणाम शेजारीशेजारी पाहता येतात. गृहकर्जाचे उदाहरण घेतल्यास ही रचना स्पष्ट होते. समजा, ३० लाख रु. मुद्दल, द.सा. ६.५% व्याजदर आणि २० वर्षे मुदत ही तीन मूल्ये अनुक्रमे बी१, बी२ व बी३ या घरांत लिहिली आहेत. बी४ या घरात ‘पीएमटी’ या फलनाच्या साहाय्याने समान मासिक हप्ता काढला आहे. तो २२,३६७ रु. येतो. बी५ या घरात, हा २२,३६७ रुपयांचा हप्ता कायम ठेवल्यास कर्ज फिटण्यास किती महिने लागतील, हे ‘एनपीईआर’ या फलनाने काढले आहे. दोन्ही फलनांसाठी वार्षिक दरास १२ ने भागून मासिक दर घेतला जातो.

आता डी३ पासून खाली निरनिराळे व्याजदर लिहावयाचे. पहिल्या दराच्या एक ओळ वर व एक स्तंभ उजवीकडे, म्हणजे ई२ या घरात, बी४ चा निर्देश करणारे सूत्र आणि त्याच्या शेजारी एफ२ मध्ये बी५ चा निर्देश करणारे सूत्र द्यावयाचे. हा सर्व आयत निवडून एक्सेलच्या ‘डेटा’ या विभागातील ‘व्हॉट-इफ ॲनालिसिस’ या यादीतून ‘डेटा टेबल’ ही आज्ञा दिल्यावर दोन चौकटी समोर येतात. दर उभ्या स्तंभात लिहिलेले असल्याने ‘कॉलम इनपुट सेल’ या चौकटीत बी२ चा निर्देश करावयाचा व दुसरी चौकट रिकामी ठेवावयाची. त्यानंतर पुढील कोष्टक तयार होते.

कोष्टक क्र. १. व्याजदरातील बदलाचे परिणाम (मुद्दल ३० लाख रु.)

| व्याजदर (द.सा. %) | २० वर्षांच्या मुदतीसाठी मासिक हप्ता (रु.) | हप्ता २२,३६७ रु. ठेवल्यास लागणारे महिने (सु.) |
|---|---|---|
| ६.५ | २२,३६७ | २४० |
| ७.० | २३,२५९ | २६२ |
| ७.५ | २४,१६८ | २९२ |
| ८.० | २५,०९३ | ३३८ |
| ८.५ | २६,०३५ | ४२५ |
| ९.० | २६,९९२ | फेड अशक्य |

या कोष्टकातील दोन स्तंभांची वाढ सारखी नाही. हप्ता जवळजवळ समान पायऱ्यांनी, दर अर्ध्या टक्क्यास सु. ९०० ते ९६० रुपयांनी, वाढतो. महिन्यांची संख्या मात्र प्रथम २२ ने, नंतर ३० व ४६ ने आणि पुढे ८७ ने वाढते. ९% दराला तर संगणक संख्येऐवजी दोषदर्शक खूण दाखवितो. ही खूण म्हणजे आज्ञावलीतील बिघाड नव्हे. प्रत्येक हप्त्यातून प्रथम त्या महिन्याचे व्याज वळते होते व उरलेली रक्कम मुद्दलात जमा होते. ३० लाख रुपयांवर ९% दराने एका महिन्याचे व्याज २२,५०० रु. होते. म्हणजे २२,३६७ रुपयांचा हप्ता व्याजालाही १३३ रुपयांनी अपुरा पडतो आणि नियमित हप्ते भरूनही कर्ज वाढतच जाते. एकाच दराचा हिशेब करणाऱ्यास हा धोका दिसत नाही. कोष्टकात तो ओळीने पुढे येतो.

हे उदाहरण केवळ काल्पनिक नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जे बाह्य मानदंडाशी जोडण्यात आली आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी रेपो दर स्वीकारला गेला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. वरील कोष्टकातील पहिल्या व शेवटच्या ओळींमध्येही अडीच टक्क्यांचेच अंतर आहे. अनेक कर्जदारांचा हप्ता तोच ठेवून मुदत वाढविण्यात आली. त्यामुळे दरवाढीचा भार त्यांना लगेच जाणवला नाही. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी दिलेल्या सूचनांनुसार, दर बदलल्यास हप्ता वा मुदत यांवर होऊ शकणारा परिणाम कर्ज मंजूर करतानाच कर्जदारास कळविणे आणि वाढीव मुदतीमुळे मुद्दल फुगणार नाही याची दक्षता घेणे, या गोष्टी ऋणको संस्थांच्या नव्हे, तर कर्ज देणाऱ्या संस्थांच्या जबाबदारीच्या ठरल्या. फेब्रुवारी २०२५ पासून रेपो दरात कपात सुरू झाली. त्यामुळे असे कोष्टक वाढ व घट अशा दोन्ही दिशांनी वाचणे आवश्यक असते. प्रत्यक्षात दर एकदम न बदलता टप्प्याटप्प्याने बदलतात आणि तोवर काही मुद्दल फिटलेले असते, कोष्टक क्र. १ मध्ये बदल प्रारंभीच झाला, असे मानले आहे.

द्विचल कोष्टक : यात दोन गृहीत मूल्ये एकाच वेळी बदलतात, परंतु परिणाम एकच पाहता येतो. एका गृहीताची मूल्ये डावीकडील स्तंभात आणि दुसऱ्याची वरच्या ओळीत लिहितात. दोहोंच्या छेदावरील कोपऱ्यातील घरात अंतिम उत्तराचा निर्देश करणारे सूत्र असते. मुदतीची वर्षे वरच्या ओळीत घेतल्यास ‘रो इनपुट सेल’ म्हणून बी३ व ‘कॉलम इनपुट सेल’ म्हणून बी२ यांचा निर्देश करावा लागतो.

कोष्टक क्र. २. व्याजदर व मुदत यांनुसार मासिक हप्ता (रु.) (मुद्दल ३० लाख रु.)

| व्याजदर (द.सा. %) | १५ वर्षे | २० वर्षे | २५ वर्षे |
|---|---|---|---|
| ६.५ | २६,१३३ | २२,३६७ | २०,२५६ |
| ७.० | २६,९६५ | २३,२५९ | २१,२०३ |
| ७.५ | २७,८१० | २४,१६८ | २२,१७० |
| ८.० | २८,६७० | २५,०९३ | २३,१५४ |
| ८.५ | २९,५४२ | २६,०३५ | २४,१५७ |
| ९.० | ३०,४२८ | २६,९९२ | २५,१७६ |

अशा कोष्टकाचा खरा उपयोग त्यातून सीमारेषा काढण्यात आहे. एखाद्या कुटुंबास दरमहा २५,००० रुपयांहून अधिक हप्ता देणे शक्य नसेल, तर १५ वर्षांचा संपूर्ण स्तंभ बाद होतो. २० वर्षांच्या स्तंभात ७.५ टक्क्यांपर्यंतच्या आणि २५ वर्षांच्या स्तंभात ८.५ टक्क्यांपर्यंतच्या ओळी तेवढ्या उरतात. २० वर्षांचे कर्ज ७.५% दराने घेतल्यास पुढील अर्ध्या टक्क्याच्या वाढीनेच मर्यादा ओलांडली जाते, ही गोष्ट केवळ २४,१६८ या आकड्यावरून कळत नाही. त्याच्याखालील घर पाहिल्यावर कळते. कोपऱ्यातील सूत्र बदलून हप्त्याऐवजी एकूण व्याज घेतल्यास निर्णयाची दुसरी बाजू दिसते. ८.५% दराने २० वर्षांत सु. ३२.४८ लाख रु. व्याज द्यावे लागते, तर २५ वर्षांत सु. ४२.४७ लाख रु. म्हणजे दरमहा १,८७८ रुपयांच्या सवलतीची एकूण किंमत सु. १० लाख रु. होते.

गणनेची वैशिष्ट्ये व दक्षता : कोष्टकातील उत्तरांची घरे एका समूहसूत्राने परस्परांशी बांधलेली असतात. त्यामुळे त्यांतील एखादेच घर बदलता किंवा पुसता येत नाही. सर्व उत्तरे एकत्रच पुसावी लागतात. एक्सेलमध्ये आदान घर आणि डेटा टेबल ही एकाच कार्यपत्रकावर असावी लागतात. वीस ओळी व वीस स्तंभ यांच्या कोष्टकासाठी संपूर्ण हिशेब ४०० वेळा करावा लागत असल्याने मोठ्या प्रतिमानात संगणक मंदावतो. यासाठी डेटा टेबल वगळून इतर गणना आपोआप करण्याचा पर्याय उपलब्ध असतो. तो स्वीकारल्यास कोष्टक हेतुपुरस्सर अद्ययावत करावे लागते. अन्यथा वरील हिशेब नवा व खालील कोष्टक जुने अशी विसंगती राहते.

आडवे व उभे आदान घर यांची अदलाबदल होणे, हा नेहमी घडणारा दोष होय. तसे झाल्यास २० हा व्याजदर आणि ६.५ टक्के ही मुदत मानली जाते. संगणक कोणतीही सूचना न देता अर्थहीन आकडे भरतो. कोष्टकाच्या कडेची मूल्ये आदान घराशीच सूत्राने जोडल्यास गणना चालू असताना तीही बदलतात व उत्तरे चुकतात. म्हणून ती अंकांतच लिहिणे इष्ट असते. सर्व घरांत एकच उत्तर आल्यास आदान घराचा निर्देश चुकला आहे, सूत्राऐवजी नुसता आकडा लिहिला गेला आहे अथवा स्वयंगणना बंद आहे, असे समजावे. मूळ हिशेबातील गृहीते कोष्टकाच्या कडेला मुद्दाम समाविष्ट करून तेथील उत्तर मूळ उत्तराशी जुळते की नाही, हे पाहणे ही सर्वांत सोपी पडताळणी होय. वरील दोन्ही कोष्टकांत ६.५% दर व २० वर्षे यांसाठी २२,३६७ हाच आकडा येतो.

संबंधित साधने : इष्ट उत्तर आधी ठरवून त्यासाठी आवश्यक असलेले गृहीत शोधणे, ही डेटा टेबलच्या उलट क्रिया ‘गोल सीक’ या साधनाने करता येते. अनेक गृहीतांचे संच नाव देऊन जतन करणे व त्यांची तुलना करणे यांसाठी ‘सिनॅरिओ मॅनेजर’ वापरतात. त्यात एका संचात ३२ पर्यंत बदलती घरे घेता येतात. अशा संचांना क्रमांक देऊन तो क्रमांक डेटा टेबलचे आदान म्हणून घेतल्यास दोहोंहून अधिक गृहीतेही अप्रत्यक्षपणे बदलता येतात. प्रतिमानात यादृच्छिक संख्या देणारे फलन असेल, तर एखादे रिकामे घर आदान म्हणून देऊन एकाच हिशेबाची शेकडो आवर्तने करता येतात. माँटे कार्लो पद्धतीच्या साध्या सदृशीकरणासाठी ही युक्ती उपयोगी पडते.

उपयोग व मर्यादा : प्रकल्पांचे मूल्यमापन, वस्तूंच्या किमती ठरविणे, अंदाजपत्रके, विमा व निवृत्तिवेतनाची तरतूद, अभियांत्रिकीतील आकारमानाची निवड इ. क्षेत्रांत डेटा टेबलचा उपयोग होतो. कोणत्या गृहीताच्या लहानशा बदलाने उत्तर फार बदलते व कोणत्याने फारसे बदलत नाही, हे त्यावरून ठरविता येते. यास संवेदनशीलता विश्लेषण म्हणतात. ज्या गृहीतास उत्तर अधिक संवेदनशील असते, त्याच्या अचूकतेसाठी अधिक श्रम व खर्च करणे सयुक्तिक ठरते.

तथापि डेटा टेबल भविष्य वर्तवीत नाही. त्यातील कोणतीही ओळ प्रत्यक्षात येण्याची संभाव्यता किती, याचा त्यात निर्देश नसतो. सर्व घरे सारख्याच ठसठशीतपणे छापली जातात. बदलणारी एक-दोन गृहीते सोडून बाकी सर्व स्थिर आहे, असे मानले जाते. परंतु व्यवहारात ती परस्परांत गुंतलेली असतात. व्याजदर वाढतात त्या काळात महागाईही वाढलेली असते व घरखर्चातून हप्त्यासाठी उरणारी रक्कम घटलेली असते. कडेला कोणती मूल्ये घ्यावीत, हे माणूसच ठरवितो. २०२१ मध्ये ६ ते ७ टक्क्यांपुरतेच कोष्टक केले असते, तर ते गणिताच्या दृष्टीने निर्दोष असूनही पुढील दोन वर्षांसाठी निरुपयोगी ठरले असते. मूळ सूत्रातील चूकही कोष्टकातील प्रत्येक घरात उतरते आणि आकड्यांच्या संख्येमुळे ती अधिकच विश्वसनीय भासते. कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांच्या सरकारी कर्ज व आर्थिक वृद्धी यांविषयीच्या २०१० मधील निबंधाच्या स्प्रेडशीटमध्ये सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी वगळल्या गेल्या होत्या, हे टॉमस हर्नडन, मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. तोपर्यंत त्या निबंधाचे निष्कर्ष अनेक देशांतील आर्थिक धोरणांच्या चर्चेत आधारासाठी पुढे केले जात होते.

यास्तव डेटा टेबल तयार करण्यापूर्वी मूळ हिशेब एखाद्या ज्ञात उदाहरणावर ताडून पाहणे, गृहीतांची व्याप्ती अपेक्षित मर्यादेच्या पलीकडेही थोडी ठेवणे आणि तयार कोष्टकात अनुकूल घराबरोबरच, जेथे निर्णय कोलमडतो ते घर शोधणे आवश्यक असते. गृहकर्जाच्या उदाहरणात ‘फेड अशक्य’ ही नोंद ९% दराच्या ओळीत आहे; कोष्टक ८.५ टक्क्यांवर थांबविले असते, तर ती दिसली नसती.